जंतू, शरीर आणि घर
(क्षयरोगाच्या संशोधनाची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाची प्रस्तावना)

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने वारल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला अजून महिना होता. वर्षभरापूर्वीच त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली होती. त्यांच्या आयुष्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यांच्या मृत्यूशेजारी दुसरी एक तारीख ठेवून पाहिली, तर त्या दुःखाचा एक वेगळाच अर्थ लागतो. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू आपल्याला सापडल्याचे जाहीर केले होते. म्हणजे आनंदीबाई गेल्या तेव्हा त्यांचा घास घेणारा जंतू जगाला ठाऊक होऊन पाच वर्षे झाली होती. त्याला मारणारे पहिले औषध हाती यायला मात्र १९४४ साल उजाडले. कारण कळल्यापासून औषध मिळेपर्यंत बासष्ट वर्षे गेली, आणि त्या काळात कोट्यवधी माणसे दगावली.

हे पुस्तक अशा अंतरांविषयी आहे. रोगाचे कारण कळणे, त्यावर औषध सापडणे, ते औषध रोग्याच्या पोटात जाणे आणि रोगी खरोखर बरा होऊन कामाला लागणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. एकीपासून दुसरीपर्यंत पोचायला कधी संशोधन लागते, कधी पैसा, कधी कायदा, तर कधी शिधा. संसर्गजन्य रोगांची गोष्ट आपण बहुतेक वेळा जंतू आणि औषध यांच्या झुंजीसारखी सांगतो. क्षयाच्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या इतिहासात मात्र सारखी तीन पात्रे समोर येतात : जंतू, शरीर आणि घर. या तिन्हींकडे एकदम पाहिले तेव्हाच खरी प्रगती झाली आणि एखाद्याकडे पाठ फिरवली तेव्हा जिंकलेली बाजी हातची गेली, हे या पुस्तकाचे म्हणणे आहे.

क्षयच का, असे कोणी विचारेल. करोना ताजा आहे, एचआयव्ही आहे, डेंगी तर दर पावसाळ्यात दारात असतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात एक कोटी आठ लाख माणसांना नव्याने क्षय झाला आणि साडेबारा लाख माणसे त्याने मेली. दुसऱ्या कोणत्याही एका जंतूने त्या वर्षी इतके बळी घेतले नाहीत. जगातल्या दर चार रुग्णांपैकी एक भारतातला आहे. २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करण्याचे उद्दिष्ट आपण ठेवले होते. २०१५ साली दर लाख लोकसंख्येमागे २३७ नवे रुग्ण होते, ते २०२३ पर्यंत १९५ वर आले. ही घट खरी आहे आणि ती घडवणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण उद्दिष्ट अजून लांब आहे. बरा होणारा, औषध असलेला, सरकारी दवाखान्यात फुकट उपचार मिळणारा रोग अजून एवढी माणसे कशी मारतो, या प्रश्नाने मला या विषयाकडे ओढले.

सुरुवात जंतूपासून करू. क्षयाचा जंतू कसा दिसतो हे पाहायचे असेल तर जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या कोणत्याही प्रयोगशाळेत तासभर उभे राहावे. रुग्णाने सकाळी खोल खोकून काढलेला बेडका डबीत आलेला असतो. तंत्रज्ञ त्यातला पिवळट, घट्ट भाग काडीने उचलून काचपट्टीवर पातळ पसरतो, वाळवतो आणि आचेवरून फिरवून पक्का करतो. मग तिच्यावर लाल रंग ओतून खालून ज्योत लावतो. वाफ दिसू लागली की ज्योत बाजूला करायची, उकळी येऊ द्यायची नाही. पाच मिनिटांनी पट्टी धुऊन तिच्यावर गंधकाम्ल सोडतो. आम्लाने बाकी सगळ्याचा लाल रंग उतरतो, क्षयाच्या जंतूचा उतरत नाही. शेवटी निळा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या दिसतात. पट्टी इंच इंच सरकवत अशी शंभर दृश्ये तपासायची आणि दिसलेल्या काड्या मोजून नोंद करायची. दिवसाला अशा कितीतरी पट्ट्या एकेका तंत्रज्ञाच्या डोळ्यांखालून जातात. या देशाने क्षयाशी दिलेला लढा अनेक दशके या डोळ्यांच्या बळावर चालला.

आम्लालाही दाद न देणारा तो लाल रंग या जंतूचे सगळे चरित्र सांगतो. त्याच्या भोवती मेणासारख्या स्निग्ध पदार्थांचे जाड कवच असते. म्हणून बरीच नेहमीची प्रतिजैविके त्याच्यापुढे निष्प्रभ ठरतात. त्याचा दुसरा गुण म्हणजे संथपणा. आपल्या आतड्यातले साधे जंतू पोषक वातावरणात वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. प्रयोगशाळेत त्याची वाढ डोळ्यांना दिसायला कित्येक आठवडे जातात. बहुतेक औषधे वाढणाऱ्या जंतूवर वार करतात, आणि हा तर कधी कधी जवळजवळ निपचित पडून राहतो. खोकला थांबला, ताप गेला, अंगावर मांस आले तरी गोळ्या सहा महिने का घ्यायच्या, याचे उत्तर या संथपणात आहे. आधी मरतात ते जोमाने वाढणारे जंतू. निपचित पडलेले उरतात, आणि त्यांच्यासाठीच पुढचे महिने असतात.

सूक्ष्मदर्शकालाही मर्यादा आहे. बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा हजार जंतू असल्याखेरीज ते पट्टीवर नजरेस पडत नाहीत. मुले, एचआयव्हीबाधित माणसे आणि फुप्फुसाबाहेरचा क्षय असलेले रुग्ण यांच्यात बहुधा एवढे जंतू सापडत नाहीत. गेल्या पंधरा वर्षांत जंतूचे जनुक ओळखणाऱ्या चाचण्या आल्या आणि हे चित्र बदलले. त्यांतली ट्रूनॅट ही चाचणी गोव्याच्या मोलबायो कंपनीची आहे. बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावर मावते, आणि जंतू आहे की नाही, रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला तो दाद देतो की नाही, हे काही तासांत कळते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीची शिफारस केली. वीज आणि वातानुकूलन यांचा भरवसा नसलेल्या ठिकाणी काय चालेल, या विचारातून एक उपकरण आपल्याकडे घडले आणि ते जगाला उपयोगी पडले, याचा मला अभिमान वाटतो.

आता शरीराकडे वळू. माझ्या मते हा या विषयाचा गाभा आहे. क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसाच्या तळाशी पोचतो. तिथे पहारा देणाऱ्या भक्षक पेशी त्याला गिळतात. एरवी गिळलेला जंतू पेशीच्या आतल्या पाचक रसांत विरघळून जातो. क्षयाचा जंतू ती पाचनक्रियाच रोखून धरतो आणि ज्या पेशीने त्याला मारायचे, तिच्याच पोटात मुक्काम ठोकतो. काही आठवड्यांनी प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशी जाग्या होतात. त्या इंटरफेरॉन गॅमासारखे रासायनिक निरोप पाठवून भक्षक पेशींना बळ देतात. मग जंतूंच्या भोवती पेशींचा वेढा पडतो आणि एक बारीक गाठ तयार होते. जंतू त्या गाठीत कोंडला जातो. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबते. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्येला या जंतूची लागण कधी ना कधी झालेली आहे, आणि त्यांतल्या पाच ते दहा टक्के लोकांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. उरलेले कधी आजारी पडत नाहीत. आपल्या शरीरात एवढी मोठी लढाई चालू होती याचा त्यांना पत्ताही नसतो.

हा वेढा कशावर टिकून असतो, हे विज्ञानाला दोन दुःखद प्रसंगांतून नीट कळले. पहिला एचआयव्ही. हा विषाणू नेमक्या सीडी-४ टी-पेशीच मारतो. त्या कमी होताच कोंडलेला क्षय उसळून वर येतो. दुसरा प्रसंग २००१ च्या सुमाराचा. संधिवाताच्या रुग्णांसाठी टीएनएफ नावाच्या प्रथिनाला अडवणारी औषधे नुकतीच आली होती. सांधे सुजवणारे हे प्रथिन अडवले की रुग्णाला आराम पडे. पण त्यांतल्या काहींना अचानक क्षय होऊ लागला, आणि तोही अंगभर पसरलेला. संधिवातात त्रास देणारे तेच प्रथिन क्षयाच्या गाठीची भिंत सांभाळत होते, हे तेव्हा उमगले. म्हणून आज असे औषध सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करतात.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. क्षयात फुप्फुसाला जी भोके पडतात, ती बऱ्याच अंशी आपल्याच प्रतिकारशक्तीच्या आवेशाने पडतात. जंतूला मारण्याच्या भरात शरीर स्वतःच्या ऊती वितळवते, आणि त्या पोकळीतूनच जंतू खोकल्यावाटे बाहेर पडून दुसऱ्याच्या श्वासात जातात. १८९० साली खुद्द कॉख यांना याचा फटका बसला. जंतूंपासून काढलेला ट्यूबरक्युलिन नावाचा अर्क क्षय बरा करतो असे त्यांनी जाहीर केले आणि जगभरचे रुग्ण व डॉक्टर बर्लिनला धावले. अर्काने रोग बरा झाला नाही. अनेकांच्या शरीरात त्याची तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि काही जण त्यातच गेले. पुढे तोच पदार्थ त्वचेत अगदी थोड्या मात्रेत टोचून लागण ओळखण्याच्या कामी आला. हाताला टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजायची ती माँटू चाचणी आपल्यापैकी पुष्कळांना लहानपणापासून माहीत आहे.

करोनाच्या काळात 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा मंत्र घराघरांत पोचला. काढे, चूर्णे, गोळ्या यांचा सुकाळ झाला. या पुस्तकाच्या दुसऱ्या भागातली सगळी प्रकरणे त्या समजुतीला उत्तर म्हणून लिहिली आहेत. प्रतिकारशक्ती नुसती कमी-जास्त होणारी एकच शक्ती नसते. ती अनेक पेशींची आणि त्यांच्यातल्या निरोपांची व्यवस्था आहे. तिचे बळ नेमक्या वेळी, नेमक्या जागी आणि नेमक्या मापात असावे लागते. ते कमी पडले तर जंतू मोकाट सुटतो, अती झाले तर फुप्फुस जळते. हा तोल राखण्यासाठी शरीराला बाजारातल्या बाटल्या लागत नाहीत, पोटभर सकस अन्न लागते. हे मी भावनेपोटी म्हणत नाही, त्याचा भक्कम पुरावा पुढे येईलच.

लशीची कथाही या तोलाचीच आहे. आल्बेर काल्मेत आणि कामिय गेराँ या दोन फ्रेंच संशोधकांनी लील शहरात गाईच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षे पुन्हा पुन्हा वाढवून दुबळा केला. १९२१ साली तो पहिल्यांदा एका बालकाला देण्यात आला. ती बीसीजी. आज आपल्याकडे जन्मलेल्या बाळाच्या डाव्या दंडावर उमटणारा तो व्रण. लहान मुलांना होणारा मेंदूचा क्षय आणि अंगभर पसरणारा क्षय यांपासून बीसीजी चांगले संरक्षण देते, आणि तेवढ्यासाठीही ती अमूल्य आहे. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाचे काय, हे पाहण्यासाठी १९६८ पासून तमिळनाडूतल्या चिंगलपेट जिल्ह्यात एक प्रचंड चाचणी झाली. अडीच लाखांहून अधिक माणसे तिच्यात होती. निष्कर्ष आला तो निराश करणारा : मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिथे या लशीने संरक्षण दिले नाही. त्या भागात माती-पाण्यातल्या निरुपद्रवी भावंड-जंतूंशी माणसांचा आधीच संबंध आलेला असतो आणि त्यामुळे लशीचा परिणाम झाकला जात असावा, हे त्याचे एक स्पष्टीकरण. हा निकाल लपवला गेला नाही, मुरडला गेला नाही. भारतीय संशोधकांनी तो जसाच्या तसा जगापुढे ठेवला, आणि नवी लस हवी याची पहिली जोरदार जाणीव त्यातूनच झाली.

शंभर वर्षांनंतर आता त्या दिशेने पावले पडत आहेत. एम-७२ नावाच्या लशीने आफ्रिकेतल्या तीन देशांत, आधीच लागण झालेल्या प्रौढांमध्ये, तीन वर्षांच्या काळात क्षयाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी केले. तिची सुमारे वीस हजार लोकांवरची अंतिम टप्प्याची चाचणी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून सुरू झाली. बीसीजीचा जंतू जनुकीय बदलांनी सुधारून बनवलेल्या व्हीपीएम-१००२ या लशीवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने काम केले आहे. यांतली कोणती लस शेवटी दंडावर येईल हे आज कोणी सांगू नये. चिंगलपेटने हाच धडा दिला आहे : लशीबद्दलचा निवाडा चाचणीच देते.

उपचारांचा इतिहास पुस्तकाच्या तिसऱ्या भागात आहे आणि तो मी जरा सविस्तर सांगितला आहे, कारण आजच्या औषधशास्त्राच्या कितीतरी रीती क्षयाने शिकवल्या. १९४३-४४ साली अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. युद्धानंतरच्या ब्रिटनकडे ते सर्वांना पुरेल एवढे नव्हते. तेव्हा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सुचवलेल्या पद्धतीने १०७ रुग्णांची यादृच्छिक विभागणी झाली. ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले चार आणि दुसऱ्यातले चौदा रुग्ण दगावले. आज कोणतेही नवे औषध ज्या पद्धतीने पारखले जाते, तिचा पाया १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीने घातला. पण पाच वर्षांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांतला फरक फारसा उरला नव्हता. जंतू औषधाला सरावले होते.

का सरावले, याचे गणित सोपे आहे. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांतल्या दहा लाखांत एखादा जंतू आयसोनायझिड या औषधाला जन्मतःच दाद न देणारा असतो. दहा कोटींत एखादा रिफाम्पिसिनला जुमानत नाही. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि हा एक वाचून वाढतो. दोन्ही औषधांना पुरून उरणारा जंतू सापडण्याची शक्यता या दोन आकड्यांच्या गुणाकाराइतकी दुर्मीळ होते. म्हणून क्षयाला कधीही एकटे औषध देत नाहीत, आणि म्हणूनच चार गोळ्यांपैकी 'ही उष्ण पडते' म्हणून एखादी मधूनच सोडणे घातक असते.

१९५६ साली मद्रासमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून एक केंद्र उभारले. तोवर क्षयाचा उपचार म्हणजे सॅनेटोरियम. मोकळी हवा, खाट, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने सक्तीची विश्रांती. आपल्या मिरजेच्या वानलेसवाडीतले सॅनेटोरियम त्याच काळाची खूण आहे. देशात रुग्ण लाखो आणि खाटा काही हजार, अशी स्थिती होती. वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली मद्रासच्या केंद्राने गरीब वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले. एक सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपल्या दाटीच्या घरात. दोघांना तीच औषधे, तेवढाच काळ. १९५९ साली निकाल आला. घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना रोग होण्याचे प्रमाणही वाढले नव्हते. या एका अभ्यासाने जगभरच्या सॅनेटोरियमांची गरज संपवली. आज गावातली आशा सेविका रुग्णाच्या ओसरीवर बसून गोळ्यांची चौकशी करते, तिच्या त्या फेरीचे मूळ मद्रासमध्ये आहे.

मात्र त्या बरोबर निष्कर्षातून धोरण आखणाऱ्यांनी एक जास्तीचा अर्थ काढला. सॅनेटोरियमचे खाणे चांगले होते, घरचे निकृष्ट होते, तरी दोघे बरे झाले. तेव्हा खाण्याला फारसे महत्त्व नाही, औषध पोचवा म्हणजे झाले. जंतूकडे लक्ष गेले आणि शरीर मागे पडले. पुढे साठ वर्षे हा समज टिकला.

२०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रेशन्स' नावाची चाचणी केली. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे. सगळ्या रुग्णांना दरमहा दहा किलोंचा शिधा : तांदूळ, सातू, दूधभुकटी, तेल. निम्म्या घरांत बाकीच्या माणसांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. सोबत जीवनसत्त्वांची गोळी. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तिथे नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, तपासणीत जंतू आढळलेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. एम-७२ लशीचा आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास आहे. तांदूळ आणि डाळीचा आकडा त्याच्या पंक्तीला बसतो! निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला मिळणारी मदत २०२४ च्या नोव्हेंबरपासून दरमहा ५०० वरून १,००० रुपये झाली, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. घरातल्या बाकी ताटांचा प्रश्न अजून सुटायचा आहे.

घराची दुसरी बाजू हवेची. मुंबईच्या मानखुर्द-गोवंडी भागातल्या पुनर्वसन इमारतींच्या अभ्यासात दिसले की जिथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे क्षयाचे प्रमाण अधिक आहे. झोपडीतून पक्क्या घरात गेलेली माणसे अंधारात गेली. क्षयाचा जंतू बंद हवेत तासन्‌तास तरंगतो आणि उन्हात लवकर मरतो. इमारतीच्या नकाशावर सही करणारा अधिकारी नकळत सार्वजनिक आरोग्याचाच एक निर्णय घेत असतो.

मुंबईचा उल्लेख औषधरोधक क्षयाशिवाय पुरा होत नाही. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. त्या बातमीने देश हादरला. मे २०१२ मध्ये क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणे बंधनकारक झाले. त्या काळी औषधरोधक क्षयाचा उपचार दीड-दोन वर्षे चाले. हजारो गोळ्या आणि महिनोन्‌महिने रोजचे इंजेक्शन, ज्याने कित्येकांची श्रवणशक्ती कायमची जाई. डिसेंबर २०१२ मध्ये बेडाक्विलिन आले. क्षयासाठी नव्या प्रकारचे औषध यायला चाळीस वर्षे लागली होती. जंतूच्या पेशीत ऊर्जा तयार करणारे यंत्रच ते बंद पाडते, त्यामुळे निपचित पडलेले जंतूही मरतात. त्याच्या एका रूपावर पेटंटची मुदत लांबवण्याचा कंपनीचा अर्ज भारतात आला, तेव्हा त्याला हरकत घेणाऱ्या दोघी होत्या : मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींनी क्षयावर मात केली होती आणि दोघींचे कान जुन्या इंजेक्शनांनी नेले होते. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला, आणि स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी झाली.

औषधरोधक क्षयावर आज बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या चार औषधांचा सहा महिन्यांचा, पूर्णपणे तोंडाने घ्यायचा उपचार उपलब्ध आहे. तो ज्या चाचणीतून सिद्ध झाला, तिच्यात जुन्या उपचारात ४८ टक्के रुग्णांची गत वाईट झाली होती, नव्यात ११ टक्के. डॉक्टरांनी, रसायनतज्ज्ञांनी आणि रुग्णांनी मिळून हे यश मिळवले आहे. पण नव्या औषधांनाही जंतू सरावू शकतो आणि त्याची चिन्हे दिसू लागली आहेत. जपून वापरली नाहीत तर ही औषधेही हातची जातील.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे. 'जंतू', 'शरीर', 'औषध' आणि 'घर' असे चार भाग केले आहेत. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र वाचता येईल. विज्ञानाची पाठ्यपुस्तकी परिभाषा शक्य तिथे टाळली आहे; जिथे लोक 'एक्स-रे' आणि 'पॉझिटिव्ह' म्हणतात तिथे मीही तेच म्हटले आहे. पशूंचा क्षय आणि हाडांच्या क्षयाची शस्त्रक्रिया हे विषय वेगळ्या पुस्तकाचे आहेत, म्हणून सोडले. कोणत्याही रुग्णाची ओळख पटेल असे काही लिहिलेले नाही. लग्न जमवताना लपवला जाणारा, सुनेला माहेरी धाडणारा आणि भाड्याची खोली सोडायला लावणारा हा रोग आहे. त्याबद्दल ज्यांनी माझ्याशी मोकळेपणाने बोलणे पत्करले, त्यांचा विश्वास मला मोलाचा आहे. हे पुस्तक प्रामुख्याने त्यांच्यासाठी, आशा सेविकांसाठी आणि वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षात पाऊल टाकणाऱ्या मराठी मुलामुलींसाठी आहे.

वाचकाला माझे एक कळकळीचे सांगणे आहे. घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन घटत असेल, तर खोकल्याच्या बाटल्या बदलत बसू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन बेडका तपासून घ्या. ती तपासणी आणि पुढचा उपचार दोन्ही मोफत आहेत. क्षय निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत एकही गोळी सोडू नका. रुग्णाला वेगळ्या खोलीत एकटे टाकू नका. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडाला रुमाल असू द्या आणि त्याच्या ताटात दोन घास अधिक वाढा. आणि तुमच्या शेजारच्या घरी हा रोग आला, तर तिथे जाणे-येणे थांबवू नका. जंतू कसा मारायचा हे संशोधकांनी शोधून दिले आहे. शरीर आणि घर सावरण्याचे काम आपल्या सगळ्यांचे आहे, आणि ते झाल्याखेरीज क्षय हटणार नाही.